समुद्र केव्हा शांत असतो?

बंगळूरच्या रेल्वे स्थानकावरील पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाच्या खाली, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती सुमारे नऊशे मीटर आहे. ज्या शहराच्या कोणत्याही टेकडीवरून समुद्र दिसत नाही, त्या शहराची उंचीही अखेर समुद्रापासूनच मोजावी लागते. ही सपाटी निश्चित करण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाच्या नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या दीर्घकाळच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९०९ च्या सुमारास ते काम पुरे केले. मुंबई, कारवार, कोची आणि मद्रास ही त्या नऊ बंदरांपैकी काही होत. म्हणजे बंगळूरच्या पाटीवरील आकड्यात कारवारच्या पाण्याचाही थोडा वाटा आहे.

परंतु समुद्रसपाटी ही एक सरासरी आहे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्यक्ष समुद्र त्या रेषेवर क्षणभर येतो आणि लगेच ती ओलांडून वर चढतो किंवा खाली उतरतो. कागदावरचा समुद्र सपाट असतो, किनाऱ्यावरचा कधीच नसतो. पठारावर राहणाऱ्या माणसाची समुद्राशी ओळख बहुधा या कागदावरच्या सपाटीपुरतीच असते, आणि ज्या दिवशी तो पोहण्यासाठी पाण्यात उतरतो त्या दिवशी त्याची गाठ सरासरीशी पडत नाही, तर त्या घटकेच्या समुद्राशी पडते.

बंगळूरहून किनाऱ्याकडे जाणाऱ्यांची संख्या आता फार मोठी आहे. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली, की रात्रीच्या बसगाड्या आणि कारवारकडे जाणारी रेल्वे भरून जातात. गोकर्ण, कारवार, मुर्डेश्वर, गोवा, आणि ज्यांचे मूळ गाव तळकोकणात आहे त्यांच्यासाठी वेंगुर्ले-मालवण, हे त्यांचे ठरलेले मुक्काम. यांपैकी पुष्कळांना पोहता येते. बसवनगुडीच्या तलावासारखे उत्तम जलतरण तलाव बंगळुरात आहेत आणि तेथून राष्ट्रीय कीर्तीचे जलतरणपटू तयार झाले आहेत. पण तलावाचे पाणी स्थिर असते, त्याची खोली भिंतीवर रंगवलेली असते, तळ स्वच्छ दिसतो आणि थकल्यावर धरण्यासाठी कठडा हाताशी असतो. समुद्रात यांतील काहीही नसते. त्यातही किनारा खडकाळ असेल, तर तलावात शिकलेले पोहणे हे समुद्रस्नानाच्या विद्येतील केवळ एक अक्षर ठरते.

आणखी एक अडचण वेळेची आहे. शहरातील माणूस सकाळी किनाऱ्यावर पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला परतीची गाडी धरावयाची असते. त्याचे पंचांग रजेच्या दिवसांवर बेतलेले असते, समुद्राचे पंचांग चंद्र, वारा आणि दूर कोठेतरी उठलेली वादळे यांवर चालते. या दोन पंचांगांचा मेळ बसेलच असे नाही. तो न बसता माणूस हट्टाने पाण्यात उतरला, म्हणजे काय होते हे वर्तमानपत्रांतून दरवर्षी वाचावयास मिळते. १० डिसेंबर २०२४ रोजी मुर्डेश्वरच्या किनाऱ्यावर शाळेच्या सहलीतील चार मुली बुडून मरण पावल्या. त्या कोलार जिल्ह्यातील मुळबागल तालुक्यातून, म्हणजे बंगळूरच्याही पलीकडच्या पठारावरून आल्या होत्या. डिसेंबर हा पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत शांत महिन्यांपैकी एक मानला जातो, ही या घटनेतील विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

यावरून जे शिकावयाचे ते एका वाक्यात सांगता येईल. शांतपणा हा एखाद्या किनाऱ्याचा कायमचा गुण नव्हे, तो एक योग आहे. ऋतू, वारा, दूरवरून येणारी लाट, भरती-ओहोटी आणि किनाऱ्याची ठेवण, या पाच गोष्टी एका वेळी अनुकूल झाल्या म्हणजे तो योग येतो. त्यांतील एक जरी विरुद्ध गेली, तरी तो मोडतो. म्हणून 'अमुक किनारा सुरक्षित आहे' हे विधान अपुरे होय. तो कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी, भरतीच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या दिशेच्या लाटेत सुरक्षित आहे, हा खरा प्रश्न असतो.

यांपैकी ऋतूचा विचार सर्वांत सोपा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम किनाऱ्यावर सरळ चालून येतात. त्या काळात किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तीन मीटरांहून उंच लाटा ही नित्याची गोष्ट असते, आणि प्रसंगी त्या सहा मीटरांच्याही घरात जातात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तिचा एक हेतू माशांची वीण राखण्याचा असला, तरी पावसाळी समुद्रात नौका न घालण्याची चाल त्याहून फार जुनी आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी पुन्हा नौका लोटत, ती त्याच अनुभवाची खूण होय. तरीही नारळी पौर्णिमेनंतर समुद्र लगेच पोहण्याजोगा होतो असे नाही. नौकेला जो समुद्र चालतो तो पोहणाऱ्याला चालेलच असे नसते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्या मानाने निवळ असतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा डिसेंबर महिन्यात भरवतात, त्या याच कारणाने.

ऋतूच्या पोटात दिवसाचा विचार येतो, आणि तेथे वाऱ्याचा संबंध पोहोचतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हाच मतलई वारा. दिवसा जमीन तापली, म्हणजे वारा उलटतो आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात हे खारे वारे सामान्यतः दुपारच्या सुमारास जोर धरतात आणि तिसऱ्या प्रहरी त्यांचा भर असतो. पश्चिम किनाऱ्यावर ते पुष्कळदा वायव्येकडून येतात. सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारी तीन वाजता पांढऱ्या फेसाने भरलेले दिसते, त्याचे कारण हेच. तेव्हा पोहण्याची वेळ ही सकाळची होय. तथापि मतलई वाऱ्यालाही एक बाजू आहे. तो पाणी सपाट करतो, पण पाण्यावर तरंगणारी हलकी वस्तू आत ढकलतो. हवेने फुगवलेल्या कड्यावर किंवा गादीवर मुलांना बसवून पहाटेच्या पाण्यात सोडणे, हे म्हणूनच धोक्याचे असते. पाणी शांत दिसते आणि मूल मात्र हळूहळू दूर जाते.

येथवरचे ज्ञान किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही सवयीने असते. परंतु तिसरी गोष्ट अशी आहे, की ती डोळ्यांना दिसत नाही आणि स्थानिक आकाशावरून ताडताही येत नाही. ती म्हणजे दूरवरून आलेली लाट. समुद्रावरील सर्वच लाटा तेथल्या वाऱ्याने उठलेल्या नसतात. हजारो किलोमीटर दूर वादळ होते, त्यातून निघालेल्या लाटा वादळ शमल्यावरही चालत राहतात. वाटेत आखूड लाटा मागे पडतात आणि लांब लाटा पुढे जातात. ज्या लाटांच्या दोन माथ्यांमध्ये १५ सेकंदांचे अंतर असते, त्यांचा समूह खोल समुद्रातून दिवसाला सुमारे एक हजार किलोमीटर इतक्या वेगाने सरकतो. आफ्रिकेच्या दक्षिणेस किंवा त्याहूनही खाली, दक्षिण महासागरात, झालेल्या वादळाचे पाणी आठवडाभराने भारताच्या किनाऱ्यावर येऊन आपटते. त्या वेळी येथे ऊन असते, वारा पडलेला असतो आणि आकाशात ढगही नसतो.

केरळातील मच्छीमारांनी या घटनेला 'कल्लक्कडल' असे नाव दिले आहे. चोरपावलांनी येणारा समुद्र, असा त्याचा भाव. शास्त्रज्ञांनीही पुढे तोच शब्द स्वीकारला. मान्सूनपूर्व महिन्यांत, विशेषतः एप्रिल-मे मध्ये, ही आपत्ती अधिक संभवते. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण-तरुणी अशाच लाटांत सापडून मृत्यू पावले. लाटांविषयीचा इशारा आधीच देण्यात आला होता. इशारा होता, पण तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्या कानी पडून मनात उतरला नाही, यातच या विषयाचे सारे मर्म साठवलेले आहे. हिवाळ्यातही पश्चिम किनारा या दूरच्या लाटांपासून सर्वस्वी मुक्त नसतो. इराणच्या आखाताकडील 'शमाल' नावाचे जोरदार वारे अरबी समुद्रात लाटा उठवतात आणि त्या वायव्येकडून कोकणापर्यंत येतात. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ओखी चक्रीवादळाने याच शांत म्हणवणाऱ्या महिन्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर पाणी चढवले होते.

लाटेची नुसती उंची पाहून तिची ताकद कळत नाही. एक मीटर उंचीची लाट दर सहा सेकंदांनी येत असेल, तर ती जवळच्या वाऱ्याची आखूड लाट होय. तीच एक मीटरची लाट दर १५ सेकंदांनी येत असेल, तर ती दूरची आणि लांब असते. दुसरीतून किनाऱ्याला पोहोचणारी शक्ती पहिलीच्या सुमारे अडीचपट असते. शिवाय खोल पाण्यात ती मंद चढउतारासारखी दिसते आणि उथळात आल्यावरच एकाएकी उभी राहते. दोन मोठ्या लाटांमधला शांततेचा काळ लांब असल्यामुळे, नवखा माणूस त्या शांततेलाच समुद्राचा स्वभाव समजतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात उतरतो.

अंदाजपत्रात दिलेल्या उंचीचाही अर्थ समजून घेतला पाहिजे. शास्त्रज्ञ जी उंची सांगतात ती साधारणपणे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. हजार लाटांत एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट निघते. 'लाट एक मीटर' याचा अर्थ 'एक मीटरहून मोठी लाट येणार नाही' असा नव्हे. तीन तासांत दोन मीटरांची एखादी लाट येईल, असाही त्याचा अर्थ आहे. वाळूच्या किनाऱ्यावर ती लाट माणसाला लोळवून सोडून देते. खडकावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती उचलून नेते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचा मार्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. लाटांनी कापून तयार झालेल्या त्या कातळावरून ओहोटीच्या वेळी भाविक सुखाने चालत जातात, आणि भरतीच्या वेळी त्याच कातळावर पाय ठेवणे प्राणघातक ठरते.

चौथी गोष्ट भरती-ओहोटीची. तिचे गणित जुन्या लोकांना तोंडपाठ होते. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते, असा कोकणातला ढोबळ नियम आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. तेवढीच वेळ दिवसा व तेवढीच रात्री, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा नियम मुंबई व उत्तर कोकण यांना लागू पडतो. भरतीची लाट या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते, त्यामुळे कारवारकडे पूर्ण भरती मुंबईपेक्षा सुमारे तासभर आधी येते. पाण्याच्या चढउताराचे मानही दक्षिणेकडे कमी होत जाते. उधाणाच्या दिवसांत भावनगरास ते दहा मीटर, मुंबईस पाच मीटर, कारवारास दोन मीटर आणि कोचीस एक मीटर, असे स्थूलपणे सांगता येईल. गोकर्णच्या किनाऱ्याला सरावलेला माणूस अलिबागेला गेला, तर तेथल्या पाण्याची चाल त्याला चकवते, ती या फरकामुळे.

पाणी सहा तासांत चढते, पण ते सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात थोडे, मग अधिक, तिसऱ्या-चौथ्या तासांत सर्वांत अधिक, आणि शेवटी पुन्हा थोडे. मधल्या दोन तासांत एकूण चढावाच्या निम्मे पाणी येऊन जाते. खाडीच्या मुखाशी आणि खडकांमधल्या अरुंद वाटांत प्रवाह सर्वांत वेगवान असतो, तो याच दोन तासांत. पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी यांच्या आसपास थोडा वेळ पाणी थबकते. पोहणाऱ्याने साधावयाचा तो काळ हाच. दिवसांतही अशीच निवड करता येते. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची ये-जा सर्वांत कमी असते. तिथी पाहून सुटी घेणे शक्य नसेल, तर निदान सुटीच्या दिवसाची तिथी पाहून वेळ निवडणे शक्य असते.

पाचवी गोष्ट किनाऱ्याच्या ठेवणीची आहे, आणि खडकाळ किनाऱ्याचे खरे वैशिष्ट्य येथे प्रकट होते. लाट उथळ पाण्यात आली, की तिची गती मंदावते. तिचा जो भाग आधी उथळात येतो तो मागे राहतो, आणि उरलेली लाट त्याच्याभोवती वळते. याचा परिणाम असा, की पुढे आलेल्या टोकावर लाटांचा जोर एकवटतो, तर आत वळलेल्या आखातात तो पसरून क्षीण होतो. निवारा शोधावयाचा तो टोकाच्या आडोशाला असलेल्या आखातात. कोणत्या बाजूच्या आडोशाला, हे लाट कोठून येते यावर ठरते. गोकर्णच्या परिसरात कुडले, ओम, अर्धचंद्र आणि पॅराडाइज असे छोटे किनारे एकामागून एक आहेत, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये खडकाळ टोक आहे. कुडलेचे तोंड पश्चिमेकडे आहे, ओमचे नैर्ऋत्येकडे. हिवाळ्याच्या दुपारी वारा वायव्येकडून सुटला, म्हणजे ओमच्या किनाऱ्याला उत्तरेकडील टेकडीचा आडोसा मिळतो. लाट नैर्ऋत्येकडून येत असली, तर हाच किनारा तिच्यासमोर उघडा पडतो. एकच किनारा एका दिवशी आश्रय असतो आणि दुसऱ्या दिवशी सापळा. शिवाय, लांब लाट ही अधिक खोलीवरच तळ चाचपू लागते, म्हणून ती अधिक वळते आणि टोकाला वळसा घालून आडोशाच्या आखातातही शिरते. आखूड लाटेपासून वाचवणारे टोक लांब लाटेपासून वाचवीलच असे नाही.

किनाऱ्यापुढे पाण्यात खडकांची रांग असेल, तर ती नैसर्गिक बांधासारखी काम करते. मालवणचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्या शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली होती, त्यांच्या पुत्राने २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. ती जागा निवडण्यामागे पाण्याखाली दडलेल्या खडकांचे संरक्षण हे एक मोठे कारण होते. वाट माहीत असलेल्या स्थानिक नावाड्यालाच तेथून सुखरूप आत येता येई. त्याच खडकांनी मोडलेल्या लाटांच्या आत पाणी पुष्कळदा निवांत असते. ओहोटीला खडक उघडे पडले, म्हणजे आतले पाणी तळ्यासारखे होते. भरतीला तेच खडक बुडतात, लाटा त्यांवरून आत येतात आणि जो खडक रक्षण करत होता तोच आता न दिसणारा शत्रू होतो.

याहूनही फसवी गोष्ट म्हणजे परतीचा प्रवाह. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी कोठून तरी परत गेलेच पाहिजे. ते जेथे खोलगट वाट सापडेल तेथून एकवटून वाहते. किनाऱ्यावरील लोक 'येथे पाण्याला ओढ आहे' असे म्हणतात, ती हीच. जेथे पाणी परत वाहते तेथे खोली अधिक असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा, असे दृश्य दिसते. शांत पाणी शोधणाऱ्या माणसाला तो पट्टा स्वाभाविकपणे सर्वांत सुरक्षित वाटतो, आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत धोक्याचा असतो. खडकाळ टोकाला लागून अशी वाट बहुधा असतेच, कारण किनाऱ्याने सरकणारे पाणी खडकाला अडून समुद्राकडे वळते. फेसाचे पुंजके, पाने किंवा काड्या किनाऱ्याकडे न येता आत जात आहेत, पाणी तेवढ्याच पट्ट्यात गढूळ आहे, या त्याच्या खुणा होत.

या प्रवाहाशी झुंजण्यात अर्थ का नाही, हे साध्या हिशेबाने पटते. तलावाची ५० मीटरची लांबी एका मिनिटात पार करणारा माणूस चांगला पोहणारा समजला जातो. प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर तो मिनिटाला ६० मीटर मागे नेतो. म्हणजे हा चांगला पोहणारा पूर्ण जोर लावूनही दर मिनिटाला दहा मीटर समुद्राकडेच जातो. तो बुडतो तो प्रवाहामुळे नव्हे, थकव्यामुळे. प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, तो फक्त दूर नेतो, आणि काही अंतरावर विरतो. म्हणून त्यात सापडल्यास अंग सैल सोडून तरंगावे, हात उंच करून मदत मागावी, आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर, खडकांपासून दूर जाणाऱ्या बाजूने पोहून मग लाटांबरोबर परत यावे. काठावरच्या मंडळींनीही भावनेच्या भरात मागोमाग उडी घेऊ नये. दोरी, रिकामा डबा, तरंगणारी कोणतीही वस्तू फेकणे हीच पहिली मदत होय. एकाला वाचवावयास गेलेले दोघे-तिघे बुडाले, ही आपल्या देशातील फार जुनी आणि फार वेळा घडलेली दुःखद कथा आहे.

हे सर्व ज्ञान बंगळुरात बसून किती मिळवता येईल? पुष्कळ. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राची स्थापना १९९९ साली झाली. लाटेची उंची, तिची दिशा, दोन लाटांतील कालावधी आणि प्रवाह यांचे काही दिवसांपुढचे अंदाज तेथून प्रसिद्ध होतात. दूरच्या लाटांचा इशाराही तेथूनच निघतो. भरतीची कोष्टके सर्वेक्षण विभाग आपल्या डेहराडूनच्या कार्यालयातून तयार करतो. हैदराबाद काय किंवा डेहराडून काय, दोन्ही शहरे समुद्रापासून दूरच आहेत. तेव्हा समुद्राची खबर ठेवण्यास समुद्राकाठीच राहिले पाहिजे असे नाही. निघण्यापूर्वी तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: लाटेची उंची व कालावधी, तिची दिशा, आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा. इशारा असेल, तर पोहण्याचा बेत घरीच सोडून द्यावा. सहल त्यामुळे वाया जात नाही.

उरलेले ज्ञान किनाऱ्यावरच मिळते, आणि ते देणारी दोन साधने आहेत: स्वतःचे डोळे आणि तेथला मच्छीमार. पोहोचल्याबरोबर पाण्यात धावू नये. एखाद्या उंच जागी निदान अर्धा तास बसून पाहावे. १२ सेकंदांनी एक लाट धरली, तर तेवढ्या वेळात दीडशे लाटा डोळ्यांखालून जातात आणि त्यांतील मोठ्या लाटांचे टोळके एकदा तरी येऊन जाते. ओल्या कातळाची रेषा कोठवर आहे ते पाहावे. जेथवर कातळ ओला, तेथवर लाट येऊन गेलेली असते. शेवाळ्याने हिरवा झालेला खडक निसरडा असतो, आणि कालवांनी मढलेला खडक पाय कापतो. ज्या जागेवरून पाण्यात उतरावयाचे, तेथून परत चढता येईल की नाही, हे आधी ठरवावे. खडकावरून उतरणे सोपे असते, लाट मागे खेचत असताना त्याच खडकावर चढणे फार कठीण असते. तळ माहीत नसलेल्या पाण्यात डोक्याकडून उडी कधीही घेऊ नये. मुले हाताच्या अंतरावर असावीत आणि समुद्राकडे कोणी पाठ करू नये.

मच्छीमारांनी न बोलताही पुष्कळ सांगून ठेवलेले असते. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, ती जागा बहुधा आखाताच्या सर्वांत निवाऱ्याच्या कोपऱ्यात असते. वारंवार लाटांत सापडेल अशा ठिकाणी कोणी होडी उतरवीत नाही. जेथे रापण ओढतात, तेथे तळाशी खडक नसतात, कारण खडक असते तर जाळे फाटले असते. आणि विचारावयाचे झाले, तर 'येथे पोहता येते का?' असे विचारू नये. त्या प्रश्नाला पाहुण्याचे मन राखणारे उत्तर मिळते. 'येथे पाण्याला ओढ कोठे आहे? तुमची मुले कोठे पोहतात? आज होड्या का गेल्या नाहीत?' असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे नेमकी येतात. जीवरक्षक असतील तेथे त्यांचा शब्द शेवटचा मानावा. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधले पाणी पोहण्यासाठी राखलेले असते, आणि लाल निशाण म्हणजे मनाई. ज्या छोट्या खडकाळ आखातांत गर्दी नसते म्हणून माणूस मुद्दाम जातो, तेथे बहुधा जीवरक्षकही नसतो, हे विसरता कामा नये.

एवढे सारे पाहून, विचारून आणि ताडून झाल्यावर कधी कधी निष्कर्ष असा निघतो, की आजचा दिवस पोहण्याचा नाही. शेकडो किलोमीटरांचा प्रवास झालेला असतो, मुलांचे चेहरे उतरतात, सोबतीचे लोक भित्रा म्हणून हसतात. पोहणाऱ्याची खरी कसोटी या क्षणी लागते, पाण्यात नव्हे. जन्मभर समुद्रावर पोट भरणारा माणूसही वर्षातील कितीतरी दिवस होडी वाळूवर ठेवून स्वस्थ बसतो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. कातळावरच्या उथळ डबक्यांत खेकडे व शंख-शिंपले पाहण्यात, किंवा काठावर बसून लाटा मोजण्यातही समुद्राची ओळख वाढतच असते. शांत पाणी शोधण्याची विद्या म्हणजे अखेर थांबण्याची विद्या होय. ज्याला ती आली, त्याला केव्हा ना केव्हा तो योग सापडतो: हिवाळ्यातील एखादी सकाळ, अष्टमीच्या आसपासचे पाणी, पडलेला वारा, खडकांच्या आडोशाचे आखात आणि तळाची वाळू दिसेल इतके निवळ पाणी. त्या दिवशी समुद्र त्याला निर्धास्तपणे आत घेतो, आणि तितक्याच निर्धास्तपणे घरी परत पाठवतो.